हो म्हणता येणारा प्रश्न

संपादकबाईंचा फोन आला. “दिवाळी अंकासाठी रुग्णसेवेचे काही हृद्य अनुभव लिहून द्या ना.” मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की यांना माझ्याकडून नक्की काय काढून घ्यायचंय? हा नोकरीचा परिणाम. कोलकात्यातल्या एका कॅन्सरच्या हॉस्पिटलात मी जन्मभर जे काम केलं, त्यात सेवा बेताची होती आणि संशय भरपूर. त्यामुळे हृद्य काही निघालं तर तो योगायोग समजावा.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना मी अजूनही नर्स वाटते. काहींना डॉक्टर वाटते, आणि त्या हळदीकुंकवाला गुडघे दाखवतात. मी दोन्ही नाही. मी मेडिकल फिजिसिस्ट. कॅन्सरच्या पेशंटला शेक देतात, म्हणजे रेडिएशन, ज्याला इथले लोक नुसतं ‘रे’ म्हणतात. तो शेक कुठे आणि किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. यंत्र चालवतो टेक्निशियन. या दोघांच्या मध्ये जी बाई बसते, ती किरण कुठल्या बाजूने आत शिरले म्हणजे आजारावर पडतील आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कमीत कमी भाजतील याचा हिशोब करते. ती मी. आणि हा हिशोब झाला की तो चुकला असणार असं समजून तो पुन्हा तपासायचा, हेही माझंच काम.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी आम्ही यंत्राची परीक्षा घेत असू. तेच यंत्र, तेच मोजमाप. नवीन आलेली मुलं कंटाळायची. “मॅडम, कल तो ठीक था,” म्हणायची. काल ठीक होतं म्हणून आज ठीक असेल असं मानणारा माणूस माझ्या खात्यात टिकला नाही. घरीही माझी ख्याती तीच. गॅस बंद केला का, हे मी नवऱ्याला विचारते आणि मग स्वतः जाऊन बघते. तो बँकेतून निवृत्त झालाय, त्याने केव्हाच हात टेकलेत.

पण संशय घ्यायलाही रीत लागते. ती मला शिकवली मंडलबाबूंनी. मंडल हे इथे घरोघरी सापडणारं आडनाव. एकदा बाहेर पुकारा झाला, “मंडलबाबू?” एक गृहस्थ उठले. टेक्निशियनने विचारलं, “आपनी मंडल तो?” तुम्ही मंडलच ना? ते म्हणाले, हो. टेबलावर झोपवलं, डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाच्या मापाचा जाळीचा मुखवटा असतो तो चढवायला गेले, तर तो नाकावरच अडकला. हे मंडल प्रोस्टेटचे होते. गळ्याचे मंडल बाहेर चहा पीत होते. मुखवट्याने वाचवलं, नाहीतर माझी झोप कायमची गेली असती.

मी त्यांना विचारलं, “तुमच्या तोंडावर जाळी बसवायला लागले, तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत?” ते म्हणाले, “डॉक्टर लोकांना मी कसं सांगणार?”

तेव्हापासून मी नियम केला. ज्या प्रश्नाला हो म्हणून सुटता येतं, तो प्रश्न पेशंटला विचारायचाच नाही. ‘तुम्ही मंडल का’ असं नाही, ‘तुमचं नाव सांगा’. ‘उजवीकडे दुखतं ना’ असं नाही, ‘कुठे दुखतं’. आजारी माणूस भिऊन हो म्हणतो, चांगुलपणाने हो म्हणतो, ऐकू आलं नाही तरी हो म्हणतो. हा नियम मी भिंतीवर चिकटवला होता. आणि त्याच भिंतीखाली पेंढरकरांच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी तो धाब्यावर बसवला.

पेंढरकर कोलकात्याजवळ बजबजला तेलाच्या डेपोत अधिकारी होते. निवृत्ती जवळ आलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. एके दिवशी डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. कावीळ म्हणून झाडपाला झाला, पथ्य झालं, शेवटी तपासणीत पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला. यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात नेणारी ही नळी कोथिंबिरीच्या काडीएवढी बारीक असते. सर्जनने ती कापून काढली आणि आतडं वर ओढून यकृताला जोडलं. मोठं ऑपरेशन. ते निभावलं. मग त्यांना आमच्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत ते माझ्यासमोर हाताची घडी घालून बसले. शेजारी त्यांच्या पत्नी शैलावहिनी, मांडीवर कापडी पिशवी. मी मराठी आहे हे कळल्यावर वहिनींचा चेहरा उजळला. पेंढरकरांचा नाही.

“मॅडम, एक सांगा. सर्जन म्हणाले सगळं काढलं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग जे नाहीच, त्याला तुम्ही शेक कसला देताय? यंत्र घेतलंय म्हणून चालवायचं, असं तर नाही ना?”

त्यांचा प्रश्न बिनतोड होता. खरं सांगायचं तर ऑपरेशननंतरचा हा शेक म्हणजे संशयावरचाच उपचार. कापलेल्या कडेला सूक्ष्मदर्शकाखाली चार पेशी नको तशा दिसतात, किंवा शेजारच्या गाठींत काहीतरी सापडतं. आणखी कापावं, तर तिथे यकृताच्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. स्कॅनमध्ये डोळ्यांना काही दिसत नाही. सर्जनने जाताना त्या जागी धातूच्या बारीक क्लिपा खुणेला ठेवलेल्या असतात, त्यांच्याकडे बघून आम्ही रिकाम्या जागेवर नेम धरतो. आजार विरळा, त्यामुळे कुणाला याचा किती फायदा होतो यावर डॉक्टरांचंही एकमत नसतं. हे मी त्यांना सगळं सांगितलं, लपवलं नाही.

“तिथे काही आहे असं मी म्हणत नाही,” मी म्हटलं. “तिथे काही नाही असं मला म्हणता येत नाही, एवढंच.”

त्यांनी हाताची घडी सोडली. मग वहिनींकडे वळून म्हणाले, “आमच्याकडे भरलेल्या टाकीला कुणी भीत नाही. रिकामी झाली की भीती. तेल गेलेलं असतं, पेट घेणारी वाफ राहिलेली असते. मीटर लावून बघितल्याशिवाय मी कुणाला आत उतरू दिलं नाही.” आणि मला म्हणाले, “चालू करा. पण मी लक्ष ठेवणार.”

मला हा माणूस आवडला. माझ्याच जातकुळीचा होता.

आता पोटाच्या शेकातली गोम अशी, की पोट एका जागी नसतं. ज्या जागेवर नेम धरायचा, तिला जठर आणि लहान आतडं अगदी खेटून असतात, आणि दोन्ही नाजूक. जठर भरलं की फुगतं, आतड्याला ढकलतं, आणि जिथे किरण पडायला नकोत तिथे आतडं येऊन बसतं. म्हणून हिशोबासाठी पहिला स्कॅन काढतो तो रिकाम्या पोटी, आणि नंतर रोजच्या शेकालाही तसंच रिकाम्या पोटी यायचं. टेबलावर झोपल्यावर यंत्र आधी एक छोटा स्कॅन काढतं, तो पहिल्या स्कॅनवर ठेवून जुळवायचा, जुळला तरच शेक.

पेंढरकरांचा पहिला स्कॅन सुरेख आला. जठर चपटं, क्लिपा स्पष्ट. शेक सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी तपनने, म्हणजे आमच्या टेक्निशियनने, मला हाक मारली. “दीदी, एकबार देखुन. पेट तो भर्ती.”

जठर फुगलेलं होतं, अगदी तट्ट. मी आत जाऊन विचारलं, “पेंढरकर, उपाशी आहात ना?”

“हो. उपास आहे.”

बघा, हो. मी बाहेर आले. त्या दिवशी फरक चालण्यासारखा होता, आमच्या मुख्य डॉक्टरांनी परवानगी दिली. सगळा विभाग त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जास्त. तपन विचारायचा, “उपोस?” ते म्हणायचे, “कडक.” आणि आत जठर भरलेल्या पखालीसारखं.

मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी यंत्रावर संशय घेतला, कारण यंत्राला राग येत नाही. स्कॅन तपासला, टेबल तपासलं, सगळं ठाकठीक. मग माझ्याच हिशोबावर घेतला. तोही निर्दोष सुटला. उरला पेशंट. बालीगंज स्टेशनाबाहेर घुगनी म्हणजे वाटाण्याची उसळ, सिंगाडे म्हणजे समोसे, लिंबू-चहा यांची जी रांग आहे, तिच्यासमोरून रिकाम्या पोटी जाणं महाकठीण. हा गृहस्थ बजबज लोकलने तिथेच उतरतो. नक्की काहीतरी तोंडात टाकत असणार आणि बायकोसमोर कबूल करत नसणार.

आणि मी एक भलतंच काम केलं. माझं घर बालीगंजातच. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीला उशिरा येईन म्हणून कळवलं आणि स्टेशनाबाहेर एका औषधाच्या दुकानात, शांपूच्या बाटल्यांकडे बघत उभी राहिले. लोकल आली. पेंढरकर बाहेर पडले, मागे पिशवी घेऊन वहिनी. घुगनीवाल्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चहावाला “दादा, चा?” म्हणाला, त्याला हातानेच नको म्हटलं. सरळ टॅक्सीत बसले. मी हात चोळत मागून रिक्षाने हॉस्पिटल गाठलं.

त्या दिवशी जठर आदल्या दिवसापेक्षा जास्त भरलेलं होतं.

माणूस खात नाही, तरी जठर रिकामं होत नाही. याचा अर्थ पुढची वाट अडली आहे. ऑपरेशनच्या जागी सूज असेल. किंवा जे नाही असं आम्हाला म्हणता येत नव्हतं, ते आहे, आणि इतक्या लवकर वाढलंय. मी सरांना चित्रं दाखवली. त्यांनी ती एकेक करून पुन्हा पाहिली. मग म्हणाले, “शेक थांबवा. उद्या दुर्बीण घालून बघू.” आम्ही दोघांनीही पुढचं वाक्य उच्चारलं नाही. आजार परतला असेल तर हा शेक निरर्थक होता, आणि पेंढरकरांपुढे मग फारसं काही उरत नव्हतं.

शेक थांबवल्याचं सांगायला मीच गेले, मराठीत बरं पडेल म्हणून. ते कपडे घालून तयार बसले होते.

“थांबवला? का?”

“पोट रिकामं दिसत नाही. तपासायला हवं.”

“मी रोज सांगतोय उपास आहे म्हणून. तुमचा विश्वास नाही. मॅडम, आज सकाळी त्या औषधाच्या दुकानात तुम्ही होतात. माझ्यावर पाळत ठेवलीत?”

“होते,” मी म्हटलं.

“वाटलंच. तुमच्याकडून काहीतरी चुकलंय आणि ते माझ्या पोटावर ढकलायचं चाललंय. चुकीच्या जागी भाजलंत का मला? सांगून टाका. मी उद्या येणार नाही. त्या रिकाम्या जागेचं जे व्हायचं ते होऊ दे.”

वहिनी रडायला लागल्या. ते त्यांच्यावरही खेकसले, आणि स्वच्छतागृहाच्या दिशेने तरातरा निघून गेले. माझ्यावर चिडलेले पेशंट मी खूप पाहिले होते, पण हा माणूस उपचार सोडून चालला होता आणि त्याला कारण मी होते.

मी वहिनींच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी डोळे पुसले आणि घरी आलेल्या बाईला विचारावं तसं विचारलं, “तुम्ही तरी काही खाल्लंय का सकाळपासून? चेहरा किती उतरलाय.” पिशवीतून डबा काढून त्यांनी झाकण उघडलं. जिऱ्याचा, तुपाचा, शेंगदाण्याच्या कुटाचा वास आला. वर खोबरं आणि कोथिंबीर पेरलेली. साबुदाण्याची खिचडी.

“आज चतुर्थी आहे का?” मी विचारलं. मी उपासतापास करत नाही, मला पत्ता नसतो.

“नाही हो. ही यांची. रोज उपास ना यांचा.”

माझ्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. पेंढरकर परत येऊन समोर उभे होते, छत्री काखोटीला मारून, निघायच्या तयारीत. मी त्यांच्याकडे बघून, भिंतीवरच्या माझ्याच नियमाप्रमाणे, पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला.

“पेंढरकर, आज घरून निघताना काय खाल्लंत?”

“खिचडी,” ते तोऱ्यात म्हणाले. “एक रताळं. वाटीभर वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. वर ताक. सगळं उपासाचं! हळदसुद्धा नाही, मीठ सैंधव.”

“नर्सबाईंनीच सांगितलं ना,” वहिनी घाबरून म्हणाल्या. “शेकाबरोबर जी औषधाची गोळी आहे, ती द्यायची खाल्ल्यावर, आणि शेकाला यायचं ते उपासाने. दोन्ही कसं जमायचं, मला प्रश्न पडला. मग म्हटलं, अरे, उपासाचं करून घालावं. पहिल्या स्कॅनला त्या म्हणाल्या होत्या तोंडात पाण्याचा थेंबही नको, तेव्हा मी काहीच दिलं नव्हतं. नंतर नुसतं उपास म्हणाल्या. वरीचे तांदूळ इथे मिळेनात, मुलीकडून नागपूरहून मागवले.”

मी हसले का रडले मला आठवत नाही, बहुतेक दोन्ही. नर्स होती बर्दवानची. तिच्या हिंदीत ती म्हणाली होती, “उपोस करके आना.” बंगाली माणसाचा उपोस म्हणजे पूजेत फुलांची अंजली वाहून होईपर्यंत तोंडात काही नाही. उपासाला वेगळा स्वयंपाक असतो, त्याचे पदार्थ असतात, ते रोजच्या जेवणापेक्षा जड असतात, हे तिच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं. आणि पेंढरकरांच्या सात पिढ्यांना याहून दुसरा उपास माहीत नव्हता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. दोन्हीकडची भाषा कळणारी मी एकटी तिथे होते, आणि मी औषधाच्या दुकानात शांपू बघत उभी होते.

तपनला सांगितलं तर तो डोळे विस्फारून म्हणाला, “उपोसेर आबार रान्ना की, दीदी?” उपासाचा कसला आलाय स्वयंपाक? त्याला चमचाभर खिचडी चाखायला दिली. त्याने मान्य केलं की असा उपोस तोही रोज करेल.

पेंढरकर मात्र हसले नाहीत. बाकावर बसले आणि हळूच विचारलं, “म्हणजे वाट अडलेली नाही?”

“असं मी अजून म्हणत नाही,” मी म्हटलं. कारण इतकं सोयीचं उत्तर मिळालं की मला त्याचाच पहिला संशय येतो. खिचडी खाल्ली हे खरं, पण वाटही अडलेली नसेल कशावरून? “उद्या निघण्याच्या तीन तास आधीपासून काही नाही. ताक नाही, रताळं नाही. गोळी पहाटे, नाश्ता झाल्यावर. कोरडी टाकी घेऊन या. मग मीटर लावू.”

‘मीटर’ म्हटल्यावर त्यांनी छत्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पडद्यासमोर सर होते, तपन होता, मी होते. एरवी माझी नजर क्लिपांवर असते, त्या दिवशी जठरावर होती. चित्र वरून खाली उमटत येतं. यकृत आलं. आतड्याचं टोक आलं. आणि मग जठर, चपटं, रिकामं, पहिल्या दिवशीसारखं. तपनने चित्र चित्रावर ठेवलं. क्लिपेवर क्लिप बसली. सर माझ्या खांद्यावर थाप मारून निघून गेले. दुर्बीण रद्द झाली. खिचडीच्या दिवसांत आतड्याला नको तेवढं काय मिळालं याचा मी फेरहिशोब केला, दुसऱ्याकडून तपासून घेतला, ते मर्यादेत होतं. पेंढरकरांनी शेक पूर्ण केला. शेवटच्या दिवशी वहिनींनी सगळ्या विभागाला खिचडी खिलवली, अर्थात शेकानंतर.

एक खंत राहिली. ते इतक्या तोऱ्यात ‘उपास’ म्हणत होते, मी मराठी, माझी आई आयुष्यभर सोमवार करायची, आणि तो शब्द माझ्या कानावरून गेला. खोटं बोलणारा माणूस शोधायला मी फार तयार होते. खरं बोलणारा माणूस काय म्हणतोय ते ऐकायला तेवढी नव्हते.

मी निवृत्त झाले. पेंढरकरही झाले, पण त्यांनी बजबज सोडलं नाही. इथल्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसलाय असं वहिनी म्हणतात, ते म्हणतात लक्ष ठेवायला जवळ राहिलेलं बरं. कारण हा आजार एकदा निरोप घेऊन जात नाही. दर काही महिन्यांनी स्कॅन, रक्त, आणि रिपोर्ट येईपर्यंत तीच जुनी शंका. स्कॅनच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला असतो. “ताई, उद्या उपास की उपोस?” मॅडमची ताई कधी झाले ते लक्षात नाही. मी म्हणते, “उपोस.” ते म्हणतात, “वाटलंच.”

हा लेख लिहायला बसले त्या दिवशी त्यांचा स्कॅन होता. सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. नवऱ्याने पोहे केले, ते तसेच राहिले. जेवायला ये म्हणाला, मी नंतर म्हटलं. “आज कसला उपास?” त्याने विचारलं. मी म्हटलं, मी कधी उपास करते का? मला भूक नव्हती, इतकंच. असे दिवस वर्षातून काही वेळा येतात आणि ते नेमके पेंढरकरांच्या स्कॅनच्या दिवशी येतात. त्यावरून कुणी काही अर्थ काढू नये.

उन्हं कलल्यावर फोन वाजला.

“ताई, टाकी रिकामी.”

“रिकामी म्हणजे? नेमकं काय लिहिलंय? शब्द वाचा.”

आजार परतल्याची खूण नाही, अशा अर्थाचं इंग्रजीतलं वाक्य त्यांनी अडखळत वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. मग मी डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. पलीकडे वहिनी काहीतरी कुजबुजल्या.

“ताई,” पेंढरकर म्हणाले, “मला बरेच दिवस एक संशय आहे. खरं खरं सांगा. सकाळपासून काय खाल्लंत?”

त्या प्रश्नाला हो म्हणता येत नव्हतं.